घरी जोडलेला सिंथेसायझर वाजेना? आधी मोजा, मग खर्च करा

पेण-रोह्यात राहून जोडण्या कशा तपासाव्यात, कुठे किती पैसे लागतात आणि कुठे एक रुपयाही घालू नये, याचा हिशेब

घरी जोडलेला सिंथेसायझर गप्प बसला की पहिला संशय आयसीवर जातो. ‘आयसी उडाली असेल, नवी मागवू’ असं ठरतं. पण पेण-रोह्यात दहा रुपयांची आयसी दहा रुपयांत पडत नाही. ती कुरिअरनं मागवली तर पन्नास ते शंभर रुपये वर जातात आणि चार-पाच दिवस वाट बघावी लागते. मुंबईला जाऊन आणायची तर अख्खा दिवस मोडतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एवढं करून नवी आयसी बसवली तरी आवाज येत नाही, कारण जुनी आयसी धडधाकट होती आणि बिघाड जोडणीत होता.

नुकत्याच जोडलेल्या घरगुती सर्किटमध्ये बहुतेक वेळा असंच असतं. तार एका भोकानं चुकलेली असते, कपॅसिटर उलटा बसलेला असतो, सांधा वरून चिकटलेला दिसतो पण आतून सुटा असतो. यांतला एकही दोष दुरुस्त करायला नवा भाग लागत नाही. लागतं ते मोजमाप. म्हणून पहिला खर्च मीटरवर करा. भागांची खरेदी मीटर सांगेल तेव्हा आणि मीटर सांगेल तेवढीच. अकरावी-बारावीचे विद्यार्थी, डिप्लोमाची मुलं, बेंजो पथकात वाजवता वाजवता स्वतः सोल्डरिंग शिकलेले वादक आणि मंडळाच्या देखाव्यासाठी आवाजाचं यंत्र करू पाहणारे कार्यकर्ते या सगळ्यांना डोळ्यांसमोर ठेवून पुढचा हिशेब मांडला आहे.

कोणतं यंत्र गृहीत धरलं आहे

बाजारातल्या कीबोर्डची दुरुस्ती हा वेगळा विषय आहे. इथे बोलायचं आहे ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या साध्या यंत्राबद्दल. त्यात स्वर तयार करायला ५५५ नावाची टायमर आयसी, आवाज मोठा करायला एलएम ३८६ ही अँप्लिफायर आयसी, स्वर वर-खाली करायला एक-दोन पोटेन्शिओमीटर (पॉट) आणि ८ ओहमचा छोटा स्पीकर असतो.

५५५ ही आयसी हान्स कामेन्झिंड यांनी सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ मध्ये आखली आणि पुढच्या वर्षी ती बाजारात आली. इतक्या वर्षांनीही नवशिक्यासाठी तिच्याइतका स्वस्त आणि समजायला सोपा गुरू नाही. अमेरिकेतल्या फॉरेस्ट मिम्स यांनी १९८०च्या सुमारास दोन टायमर जोडून केलेलं ध्वनियंत्र आज ‘अटारी पंक कन्सोल’ या नावानं जगभरचे हौशी लोक बनवतात.

आपल्याकडे हे वेड नवं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा केला होता. पुढे वादक केर्सी लॉर्ड यांनी मिनीमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला. ती यंत्रं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. आज दीड-दोन हजारात स्वर कसा जन्मतो ते घरच्या टेबलावर बघता येतं, आणि पहिल्याच बिघाडाला कंटाळून कुणी हे सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

अवजारांचा खर्च

खालचे भाव खिशाचा अंदाज येण्यापुरते आहेत. दुकानागणिक आणि महिन्यागणिक ते थोडेफार हलतात.

पहिली पायरी, फक्त तपासणी: डिजिटल मल्टिमीटर २०० ते ४०० रुपये, ९ व्होल्टची साधी बॅटरी २० ते ४० रुपये, मगरचिमट्यांच्या तारा ५० ते १०० रुपये. एकूण ३०० ते ५५० रुपये. बहुतेक बिघाड एवढ्यात सापडतात.

दुसरी पायरी, दुरुस्तीसकट: २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न २०० ते ४०० रुपये, ५० ग्रॅम सोल्डरची तार १२० ते २५० रुपये, डीसोल्डर पंप ८० ते १५० रुपये, छोटा कटर ८० ते १५० रुपये. पहिल्या पायरीसह एकूण ८०० ते १,५०० रुपये.

तिसरी पायरी, आवाजाचा माग काढणारा प्रोब: एलएम ३८६चं तयार मोड्यूल ४० ते ८० रुपये, छोटा स्पीकर ३० ते ८० रुपये, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एक-दोन रुपये. दीडशे रुपयांच्या या प्रोबचा उपयोग पुढे येईलच.

चौथी पायरी, ऑसिलोस्कोप: छोटे हौशी स्कोप साधारण १,८०० ते ३,००० रुपयांना मिळतात. पहिल्या यंत्रासाठी हा खर्च करू नका. दोन-तीन यंत्रं जोडून झाल्यावर आणि तरंगाचा आकार बघायची खरी गरज पडल्यावर घ्या.

मीटर घेताना तीन गोष्टी दुकानातच बघा. एक, कंटिन्युइटीचा बझर आहे का. एकसारख्या दिसणाऱ्या स्वस्त मीटरांपैकी काहींत तो नसतो. डायलवर आवाजाच्या लहरींची खूण शोधा आणि दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बीप ऐका. दोन, प्रोबच्या तारा मुळाशी वाकवून बघा. बीप तुटत असेल तर दुसरा जोड मागा. तीन, मीटरच्या स्क्रीनवर बॅटरीची खूण दिसत नाही ना, ते बघा. आतली बॅटरी उतरलेला मीटर चुकीचे आकडे दाखवतो आणि त्या आकड्यांच्या मागे लागून दिवस वाया जातो.

तपासणीचा क्रम

नळाला पाणी येईनासं झालं की आपण टाकीपासून सुरुवात करतो, मग पाइप, मग नळ. सर्किटमध्ये पाणी कुठं मुरतंय तेही याच क्रमानं सापडतं: आधी वीज, मग स्वर, मग आवाज. मधूनच कुठेतरी हात घातला तर एका बिघाडाचे दोन होतात.

१. डोळ्यांनी तपासा, खर्च शून्य. बॅटरी काढून ठेवा. सर्किटचं चित्र समोर घ्या आणि जोडलेली प्रत्येक तार चित्रावर पेन्सिलीनं खुणावत जा. आयसीच्या एका टोकाला खाच किंवा ठिपका असतो. खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेतला पहिला पाय डावीकडून १ आणि ८ पायांच्या आयसीत त्याच्या बरोबर वरचा ८. आयसी उलटी बसली असेल तर वीज उलटी जाते आणि आयसी हाताला गरम लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावर उण्याची पट्टी असते. ती ग्राउंडच्या बाजूला हवी. रेझिस्टरचे रंग ट्यूबलाइटच्या उजेडात फसवतात. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम आणि तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम. लाल-नारिंगीचा घोळ दिवसाच्या उजेडात मिटवा, नाहीतर सर्किटमध्ये लावण्याआधी मीटरनं मोजा. सिरॅमिक कपॅसिटरवर १०३ लिहिलं असेल तर तो ०.०१ मायक्रोफॅरडचा आणि १०४ म्हणजे ०.१चा. १०३च्या जागी १०४ बसला तर स्वर दहापट, म्हणजे तीन सप्तकांहून जास्त खाली उतरतो. यंत्र वाजतं, पण नुसतं गुरगुरतं.

२. वीज बंद ठेवून कंटिन्युइटी. बॅटरीच्या अधिक आणि उणे पट्ट्यांवर प्रोब टेकवा. बीप सलग वाजत राहिला तर शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत बॅटरी लावायची नाही. कपॅसिटर भरताना क्षणभर बीप होऊन थांबला तर काळजी नको. मग प्रत्येक तारेची दोन टोकं तपासा. इथे एक सावधगिरी हवी: बरेच स्वस्त मीटर दहा-वीस ओहमचा अडथळा असतानाही बीप देतात. म्हणून संशयाच्या जागी २०० ओहमची रेंज लावा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून मीटरचा स्वतःचा आकडा बघा. सांध्यावर त्याहून चार-पाच ओहम जास्त दिसले तर सांधा कच्चा आहे.

३. वीज पोचते का? आता बॅटरी लावा आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. पहिला आकडा बॅटरीच्या टोकांवर, सर्किट चालू असताना घ्या. मोकळ्या बॅटरीवर ९ दिसले म्हणून खूश होऊ नका. उतरलेली बॅटरीही मोकळी असताना ऐटीत ९ दाखवते आणि भार पडला की सात-साडेसातवर येते. दुसरा आकडा थेट आयसीच्या पायांवर घ्या. ५५५चा ८ नंबरचा पाय अधिकचा, १ नंबरचा उण्याचा. प्रोब ब्रेडबोर्डच्या भोकात न घालता पायाच्या धातूला टेकवा. भोकात ९ आणि पायावर ६ दिसले तर पाय भोकात नीट धरलेला नाही, हे तिथल्या तिथे कळतं.

४. स्वर तयार होतो का? ५५५ची खुबी अशी की साध्या मीटरनंही ती बरंच काही सांगते. ९ व्होल्टच्या सप्लायवर ५ नंबरच्या पायाशी सप्लायच्या दोन तृतीयांश, म्हणजे साधारण ६ व्होल्ट हवेत. ८ नंबरला वीज नीट आणि ५ नंबरला भलताच आकडा, तर आधी १ नंबरचा पाय खरोखर ग्राउंडला आहे का बघा, मग आयसीवर संशय घ्या. ४ नंबरचा पाय रीसेटचा. तो अधिकला जोडलेला हवा. शून्याच्या जवळ असला तर आयसी मुद्दाम गप्प बसते. २ आणि ६ एकमेकांना जोडलेले असतात. तिथला कपॅसिटर ३ आणि ६ व्होल्टांच्या मध्ये सतत भरतो-रिकामा होतो, म्हणून मीटरवर सरासरी साडेचारच्या आसपास दिसते. ३ नंबर हा बाहेर स्वर देणारा पाय. स्वर चालू असेल तर तिथे ४ व्होल्टांच्या आसपास सरासरी येते. तिथे ठाम शून्य किंवा ठाम साडेसात-आठ दिसले तर आयसी एकाच जागी अडकली आहे, स्वर जन्मतच नाही.

५. स्वर डोळ्यांनी बघा. ही युक्ती प्रत्येक नवशिक्याला यायला हवी. समजा सर्किटमध्ये १० आणि ४७ किलोओहमचे रेझिस्टर आहेत आणि कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा आहे. १.४४ ला पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट गुणिले कपॅसिटर यानं भागलं की सुमारे १,४०० हर्ट्झ येतात. आता तो कपॅसिटर काढून १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, उणे टोक ग्राउंडला. कपॅसिटर हजारपट मोठा झाला, म्हणून कंपनं हजारपट संथ झाली: सेकंदाला साधारण दीड. ३ नंबरच्या पायापासून १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एक एलईडी ग्राउंडला जोडा. एलईडी मिचकली तर आयसी, दोन्ही रेझिस्टर आणि त्यांच्या सगळ्या जोडण्या ठणठणीत आहेत. बिघाड काढलेल्या कपॅसिटरमध्ये किंवा पुढे, अँप्लिफायर किंवा स्पीकरकडे आहे. दहा-बारा रुपयांत अर्धं सर्किट निर्दोष ठरतं.

६. अँप्लिफायर आणि स्पीकर. एलएम ३८६चा ६ नंबरचा पाय अधिकचा आणि ४ ग्राउंडचा. स्वर नसताना ५ नंबरवर सप्लायच्या निम्मे, म्हणजे साडेचारच्या जवळ व्होल्ट हवेत. तिथून स्पीकरकडे जाताना मध्ये २२० मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर असतो. तो सुटला तर सारं ठीक असूनही स्पीकर मुका राहतो. स्पीकरची परीक्षा सोपी आहे. त्याच्या तारा सर्किटपासून सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज आला तर स्पीकर जिवंत. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर ७च्या आसपास दिसतो, तो खराब समजू नये.

७. कानानं माग काढा. तिसऱ्या पायरीतलं मोड्यूल इथे कामाला येतं. त्याच्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, मोकळं टोक प्रोब म्हणून वापरा आणि मोड्यूलचं ग्राउंड सर्किटच्या ग्राउंडला जोडा. आवाजाचा पॉट अगदी कमी ठेवा. आधी ५५५च्या ३ नंबरला टेकवा, मग पॉटच्या मधल्या पायाला, मग अँप्लिफायरच्या ३ नंबरच्या इनपुटला. ज्या टप्प्यावर स्वर ऐकू येतो आणि पुढच्या टप्प्यावर येत नाही, त्या दोहोंमध्येच सुटलेली जोडणी आहे. संगीताचा कान असलेल्या माणसाला ही पद्धत आकड्यांपेक्षा लवकर साधते. हा प्रोब घरातल्या वीज कनेक्शनवर चालणाऱ्या यंत्राला कधीही टेकवायचा नाही.

स्वर आल्यावर मोबाइलवरचा ट्यूनर लावा. ४४० हर्ट्झ म्हणजे पांढरी सहा. आकडा स्थिर न राहता घसरत असेल तर बोट पॉटवरून काढून पुन्हा बघा. पॉटला हात लागताच स्वर हलत असेल तर त्याचा सांधा सुटा आहे.

ब्रेडबोर्डची एक खोडी

ब्रेडबोर्ड ७० ते १५० रुपयांना मिळतो. ८३० भोकांच्या बोर्डाच्या कडेला लाल आणि निळ्या रेषा असतात. त्या वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या. बऱ्याच बोर्डांत ही पट्टी आतून मधोमध तुटलेली असते. रेष नीट बघितली तर मध्यावर छोटीशी फट दिसते. डाव्या टोकाला बॅटरी आणि उजव्या अर्ध्यात अँप्लिफायर असा बोर्ड असेल तर ५५५ जिवंत आणि अँप्लिफायर मेलेला, असं चित्र दिसतं. लोक एलएम ३८६ बदलतात आणि आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशी गत होते. बोर्ड नवा असतानाच पट्टीच्या दोन टोकांवर प्रोब ठेवा. बीप आला नाही तर फटीवरून तारेचा एक छोटा पूल टाका. चारही पट्ट्यांना चार पूल, खर्च शून्य.

आपल्याकडे दुसरी अडचण हवेची आहे. रायगडच्या किनारपट्टीत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पेणच्या खारेपाटात हवेत खारटपणाही असतो. ब्रेडबोर्डच्या आतल्या पत्र्याच्या चापांवर आणि तारांच्या टोकांवर त्यामुळे काळपट थर चढतो. मे महिन्यात वाजणारं यंत्र श्रावणात खरखरतं ते यामुळे. तार काढून टोक बारीक पॉलिश पेपरनं उजळ करा, नाहीतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. त्याची १०० मिलीची बाटली ८० ते १५० रुपयांना येते आणि वर्षभर पुरते. वापर नसताना बोर्ड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या चालतात. पावसाळ्यापलीकडे टिकवायचं यंत्र मात्र २० ते ५० रुपयांच्या व्हेरोबोर्डवर सोल्डर करून पक्कं करा.

ड्राय सोल्डर ओळखायचा कसा

टीव्ही दुरुस्त करणारे ज्याला ड्राय सोल्डर म्हणतात, तो घरगुती यंत्रांचा सर्वांत मोठा शत्रू. भिंग घ्या आणि पॉटच्या पायाचा सांधा तिरक्या उजेडात बघा. चांगला सांधा चकचकीत असतो. सोल्डर पायावर चढत चढत पातळ होत जातो, कडेला तुटक रेघ दिसत नाही. कच्चा सांधा मळकट, दाणेदार असतो. सोल्डर पायाभोवती गोळा होऊन बसतो आणि पायाला लागून केसाएवढी काळी कडी दिसते. पाय हलकेच हलवला तर ती कडी रुंदावते.

डोळ्याला शंका आली की मीटरनं खात्री करा. यंत्र चालू ठेवा, मीटर लहान डीसी रेंजवर लावा. एक प्रोब पायावर, दुसरा त्याच सांध्याच्या पलीकडच्या तांब्यावर. पक्क्या सांध्यावर शून्य येतं. तिथून १० मिलिअँपिअर वाहत असताना ०.१ व्होल्ट दिसले तर सांध्यात १० ओहम अडकले आहेत. बीपनं पास केलेले सांधे या परीक्षेत पकडले जातात.

दुरुस्ती दोन मिनिटांची. आयर्न पूर्ण तापू द्या. आधी पाय आणि तांबं दोन्ही एकदम तापवा, मग सोल्डर सांध्याला टेकवा. आयर्नच्या टोकाला वितळवून आणलेला थेंब वरून ठेवला तर सांधा पुन्हा कच्चाच होतो. सोल्डर गार होईपर्यंत हात हलवू नका. पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स इथे वापरू नका, तो काही महिन्यांत तांबं खातो. आयसी थेट सोल्डर करू नका, दोन ते पाच रुपयांचा सॉकेट लावा. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून काम झालं की हात साबणानं धुवा आणि खिडकी उघडी ठेवा.

लक्षणावरून अंदाज

आवाज अजिबात नाही, आयसी गरम: वीज उलटी किंवा शॉर्ट. लगेच बॅटरी काढा. असं साधं यंत्र गप्प असताना दहा-वीस मिलिअँपिअर खातं. शे-दोनशे दिसले तर कुठेतरी शॉर्ट आहेच.

आवाज येतो-जातो: ड्राय सोल्डर, सैल भोक किंवा बॅटरीच्या क्लिपची तुटकी तार. क्लिप ५ ते १० रुपयांना मिळते.

‘फट् फट्’ असा मोटारबोटीसारखा आवाज: उतरलेली बॅटरी, किंवा सप्लायवर कपॅसिटर नाही. बॅटरीच्या पट्ट्यांवर १०० मायक्रोफॅरड आणि प्रत्येक आयसीजवळ ०.१ मायक्रोफॅरड लावा. खर्च दहा रुपयांच्या आत.

पॉट फिरवताना खरखर: पॉटच्या आत मळ. दोन टोकांच्या पायांमध्ये आकडा स्थिर हवा आणि मधल्या पायापासून तो उड्या न मारता बदलायला हवा. उड्या मारत असेल तर नवा पॉट १५ ते ३० रुपये.

अॅडॅप्टरवर घुंई, बॅटरीवर स्वच्छ: दोष अॅडॅप्टरचा. अॅडॅप्टर घेताना बीआयएसचा आर-क्रमांक छापलेला घ्या आणि जोडण्यापूर्वी पिनचं अधिक-उणे मीटरनं मोजा.

भाग कुठून आणावेत

गावातच: बॅटरी, मीटर, आयर्न, सोल्डर, तारा आणि स्पीकर पेण-रोह्याच्या बाजारातल्या इलेक्ट्रिकल आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांत मिळून जातात. टीव्ही-रेडिओवाल्याकडे भंगारातले बोर्ड असतील तर पॉट, कपॅसिटर आणि स्पीकर थोडक्यात मिळू शकतात. घेण्याआधी मोजून घ्या.

लॅमिंग्टन रोड, मुंबई: रोहा-दिवा गाडीनं दिव्याला, तिथून दादर, मग पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. जाऊन-येऊन खाण्यासकट दोन-तीनशे रुपये आणि दिवस. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. फायदा असा की सुटा एक-एक भाग मिळतो, आयसी बदलून घेता येते आणि दुकानदाराला विचारता येतं. घरातलं कुणी त्या बाजूला कामाला जात असेल तर यादी त्याच्या हाती द्या.

ऑनलाइन: पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९. ऑर्डर देण्याआधी पिनकोड घालून पोचवणावळ बघा. एका आयसीसाठी कधीच मागवू नका. महिनाभराची यादी करा, चार मित्रांची ऑर्डर एकत्र करा. प्रत्येक आयसी दोन-दोन घ्या: ५५५ आठ ते पंधरा रुपये, एलएम ३८६ पंधरा ते पंचवीस रुपये. दुसरी आयसी म्हणजे सर्वांत स्वस्त तपासणी यंत्र. संशय आला की सॉकेटमध्ये बदलून बघा, अर्ध्या मिनिटात निकाल.

मेकॅनिककडे कधी जावं

वर दिलेला क्रम पूर्ण करूनही बिघाड सापडला नाही, किंवा यंत्रात घरातली २३० व्होल्टची वीज येत असेल, तर जाणकाराकडे जा. २३० व्होल्टच्या यंत्राचं झाकण नवशिक्यानं उघडायचंच नाही, हा नियम मोडू नका. नुसती बघणावळ साधारण १०० ते २०० रुपये आणि साध्या दुरुस्तीचे १५० ते ५०० रुपये धरून चला. तीनशे-चारशे रुपयांच्या भागांच्या यंत्रावर पाचशे रुपये मजुरी घालण्यापेक्षा ते पुन्हा नव्यानं जोडलेलं बरं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानं अँप्लिफायर आणि लाइटच्या माळांच्या कामात बुडालेली असतात, तेव्हा आपलं काम आषाढातच उरकून घ्या.

धाटावच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करणारं कुणी ओळखीचं असेल, किंवा आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे शिक्षक असतील, तर त्यांना विचारायला संकोच करू नका. जाताना सर्किटचं चित्र आणि प्रत्येक पायावर आलेला आकडा लिहून न्या. ‘वाजत नाही’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याचा वेळ तुमच्या खर्चात धरला जातो. ‘५ नंबरला सहा व्होल्ट आहेत, ३ नंबर शून्यावर अडकलाय’ असं सांगितलं तर काम निम्मं झालेलं असतं.

दुरुस्तीला देताना चार गोष्टी आधी ठरवा: बघणावळ दुरुस्तीच्या रकमेत वळती होणार का, खर्च किती रुपयांवर गेला तर आधी फोन करायचा, काढलेला जुना भाग परत मिळणार का, आणि कामाची हमी किती दिवसांची. हे पावतीवर लिहून घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कुणी मागू शकत नाही. बिल मागणं हा तुमचा हक्क आहे. सदोष माल किंवा सेवेतली त्रुटी यांसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. आधी दुकानदाराशी बोला, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. त्यानंही भागलं नाही तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. दोनशे रुपयांच्या मीटरसाठी आयोगापर्यंत जायची वेळ क्वचितच येते, पण बिल हातात असलं की बोलणं सोपं जातं.

एकूण हिशेब

यंत्राचे भाग ब्रेडबोर्डासकट ४०० ते ६०० रुपये, तपासणी आणि दुरुस्तीची अवजारं ८०० ते १,५०० रुपये. म्हणजे पहिलं यंत्र अवजारांसह १,२०० ते २,१०० रुपयांत होतं. दुसरं यंत्र फक्त भागांच्या किमतीत, कारण अवजारं घरात असतात. पैसे कमी असतील तर अवजारांत मीटर आधी, आयर्न नंतर आणि ऑसिलोस्कोप शेवटी घ्या. आणि एक वही ठेवा. चालणाऱ्या यंत्राच्या प्रत्येक पायावरचा आकडा त्यात लिहून ठेवा, तारखेसह. पुढे यंत्र बिघडलं की नवे आकडे जुन्यांशी ताडून बघायचे. जिथे फरक दिसेल तिथे बिघाड. कोऱ्या वहीचे वीस रुपये वरच्या हिशेबात धरलेले नाहीत, पण सर्वांत जास्त पैसे वाचवणारी खरेदी तीच आहे.